चुनाविरहित हळद

निंबसंगी गावात लैंगिक शिक्षणाला ‘स्वच्छता’ म्हणत. ही सोय मीनलनेच करून दिली होती. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवता शिकवता तिने गावात युवा आरोग्य केंद्र उभे केले, तेव्हा शाळासमितीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला बोलावून, चहा पाजून, अतिशय सौजन्याने विचारले होते की मुलींना हे सगळे आताच सांगण्याची गरज काय. ज्या तालुक्यात दहावीचा निकाल लागण्याआधी मुलीची सुपारी फुटते तिथे ‘आताच’ या शब्दाला कितपत अर्थ उरतो, हे तिच्या ओठावर आले होते. ओठावर आलेले गिळून ती म्हणाली, आपण याला स्वच्छता म्हणू. सगळ्यांना हायसे वाटले. तेव्हापासून नखे कापणे आणि एचआयव्ही हे विषय एकाच तासाला शिकवले जाऊ लागले. प्रश्न विचारायला मनाई नव्हती. कोणी विचारले मात्र नाहीत.

मग टिकली आली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने तिला लांबलचक नाव दिले होते, पण आकारावरून मुलींनी ठेवलेले नावच रूढ झाले. कपाळावरच्या टिकलीएवढी पारदर्शक चकती दंडाच्या आतल्या बाजूला थोडा वेळ दाबून धरायची. तिच्या पोटाशी असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया कातडीत शिरून तिथेच विरघळत आणि रिकामी चकती गळून पडे. मागे औषधाचा सूक्ष्म साठा उरे. एचआयव्हीचा विषाणू आपली जनुके एका कवचात बांधून हिंडतो. माणसाच्या पेशीत शिरल्यावर ते कवच योग्य जागी, योग्य वेळी उघडले तरच त्याचा पुढचा संसार थाटला जातो. हे औषध कवचाच्या सांध्यांत जाऊन बसे. कवच भलत्याच वेळी फुटे नाहीतर फुटतच नसे, आणि विषाणूचा वंश तिथेच खुंटे. एक टिकली वर्षभर पुरे.

परंतु वर्षभर पुरणे हा तिचा खरा गुण कोणी मानलाच नाही. खरा गुण हा की ती दिसत नसे. साबण, तेल, घाम, ऊन, अत्तर, सगळ्यांची परीक्षा झाली. कातडीवर खूण म्हणून उमटली नाही. त्या चाचण्यांच्या सल्लागार मंडळात मीनल होती. स्वयंसेविका कोण असाव्यात असा प्रश्न निघाला तेव्हा तिनेच सुचवले की फक्त विवाहित स्त्रिया घ्याव्यात. कुमारिकांना असल्या कामाला बोलावले तर गावोगाव गहजब होईल. सूचना व्यवहार्य होती, एकमताने मान्य झाली. अशा रीतीने अविवाहित मुलींसाठी बनवलेले साधन अविवाहित मुली वगळून तपासले गेले आणि निर्दोष ठरले.

गावातली पहिली टिकली मीनलने आपल्या भावाच्या मुलीला, शर्वरीला लावली. शर्वरी संख्याशास्त्रात पदवी घेत होती आणि आत्याच्या केंद्राचे निम्मे काम तीच ओढत होती. वर्गात मिटलेली तोंडे उघडायची तर वर्ग सोडला पाहिजे, हे तिने ओळखले होते. शिवणक्लासात, भिशीच्या घरी, मेंदी काढायला जमलेल्या घोळक्यात ती मुलींना गाठी. एकदा एका मुलीने तिला विचारले, लग्न ठरलेल्या मुलीला याची गरजच काय, तिला तर एकच नवरा. शर्वरी म्हणाली होती, “तुला एकच. त्याला तू कितवी, हे पत्रिकेत लिहिलंय का?” मुली हसल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात केंद्रात आल्या होत्या. या देशात विवाहित स्त्रीला विषाणू बहुधा तिच्या नवऱ्याकडूनच मिळतो, ही गोष्ट मीनलने तासांमागून तास घालूनही त्यांच्या गळी उतरली नव्हती.

मीनलचे वाक्य वेगळे होते. टिकली दाबून धरताना प्रत्येकीला ती हलक्या आवाजात सांगे, “कुणालाही कळणार नाही.” शर्वरीला ते वाक्य आवडत नसे. आपण चोरी करतोय का, असे तिने एकदा विचारलेही होते. मीनलने हसून सांगितले होते की गावात काम करायचे तर गावाचे डोळे सांभाळावे लागतात.

शर्वरीचे लग्न विक्रांत काळदातेशी ठरले. विजेवर चालणाऱ्या मालट्रकांचे ताफे दुरुस्त करणारा तो अभियंता. वर्षातले कितीतरी महिने गुजरातपासून तमिळनाडूपर्यंतच्या बंदरांवर काढणारा. रक्त तपासून घेऊ या का, असे शर्वरीने साखरपुड्यानंतर त्याला सुचवले तेव्हा त्याने, मी काय तसला वाटलो का, म्हणून विषय संपवला. शर्वरीने आत्याकडून नवी टिकली लावून घेतली आणि लग्नाच्या खरेदीला लागली.

लग्नाच्या आदल्या सकाळी वराकडची उष्टी हळद आली. वराच्या अंगाला लागून उरलेली हळद वधूला लावायची, ही रीत मीनल लहानपणापासून पाहत आली होती. नवऱ्याच्या अंगावरचे जे काही असेल ते बायकोने मुकाट्याने आपल्या अंगाला लावून घ्यायचे, याचे इतके प्रांजळ प्रात्यक्षिक दुसऱ्या कोणत्या विधीत नसेल. हळदीची वाटी घेऊन वराची आई, उज्ज्वलाताई, स्वतः आल्या होत्या. पाच सवाष्णींनी हळद लावली. त्यांत मीनल होती. दंड तिच्या वाट्याला आले.

हळद वाळू लागली तसा शर्वरीच्या डाव्या दंडावर आतल्या बाजूने एक गोल ठिपका उमटला. लाल, ठसठशीत. मीनलने तो बोटाने पुसून पाहिला. आजूबाजूची हळद निघाली, ठिपका अधिकच उजळ झाला.

तिला तत्काळ उमगले, आणि हेच वाईट होते. टिकलीतले औषध एका बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, जाळ्यात बांधलेले असे आणि त्या जाळ्याच्या गाठी बोरॉनच्या होत्या. गाठी सावकाश सुटत, तसे औषध सावकाश झिरपे. सुटलेला बोरॉन थोडाथोडा घामाबरोबर कातडीवर येई. बोरॉन म्हणजे टाकणखारातले, बोरॅक्समधले मूलद्रव्य. हळदीच्या पिवळ्या रंगाशी त्याची गाठ पडली की लाल संयुग तयार होते. हळदीच्या कागदाने टाकणखार ओळखणे हा प्रयोग तिने महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी केला होता, वहीत सुबक आकृती काढून त्याचे गुणही घेतले होते. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी तो केला असणार. पण चाचणीतल्या बायका विवाहित होत्या, आणि या मुलखात बाईच्या दंडाला हळद आयुष्यात एकदाच लागते.

मंडपात प्रथम थट्टाच झाली. एक मामी म्हणाली, नवऱ्याच्या नावाचं कुंकू दंडापर्यंत पोचलं की. मग दुसरीने काहीशा खालच्या सुरात विचारले, ते टिकली-टिकली म्हणतात ते हेच का, तसल्या पोरी लावतात ते. थट्टा थांबली. शर्वरीच्या आईने पदर तोंडाशी नेला. उज्ज्वलाताई पुढे झाल्या, ठिपक्याकडे पाहिले आणि मग मीनलकडे.

“तुम्ही यातल्या जाणत्या,” त्या म्हणाल्या. “काय आहे हे?”

शर्वरी घाबरली नव्हती. भिशीच्या घरी अवघड प्रश्न आला की ती ज्या भरवशाने आत्याकडे पाही, तशीच आत्ताही पाहत होती. “आत्या, तू सांग ना,” ती म्हणाली. “तू सांगितलंस की पटतं सगळ्यांना.”

मीनल म्हणाली, “काही नाही. हळदीत चुना पडला असेल. चुन्यानं लाल होतेच की हळद. कुंकू तसंच तर करतात.”

हळद वराकडून आली होती. म्हणजे चुनाही वराकडचाच ठरला. वरमाईच्या तोंडावर केलेला एवढा मोठा अपमान निंबसंगीत कोणी पाहिला नव्हता, आणि मीनलला तो उच्चारल्यावर कळला. उज्ज्वलाताई तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “असेल. आमच्याच घरातला असेल.” कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. शर्वरीने दंड पदराखाली घेतला आणि पुन्हा वर पाहिले नाही. लग्न यथासांग पार पडले.

खोटे बोलण्याचा एक गुण मान्य केला पाहिजे: ते शिकवावे लागत नाही. वर्षभर घसा फोडून मीनलला गावात जे रुजवता आले नव्हते, त्याच्या कैक पट वेगाने तिचा चुना तालुकाभर पसरला. पुढच्या मुहूर्तांवर आणखी नवरीमुलींच्या दंडांवर ठिपके उमटले. आया धावत केंद्रात आल्या आणि मीनलने प्रत्येकीला चुना सांगितला. बाजारपेठेतल्या मसालेवाल्यांनी ही संधी ओळखली. ‘शुद्ध, चुनाविरहित, खास लग्नाची हळद’ अशा पाट्या झळकल्या. ती हळदही लाल झाली तेव्हा गिऱ्हाइकांनी दुकानदारांना शिव्या दिल्या, आणि दुकानदारांनी हळकुंड पिकवणाऱ्यांना.

प्रयोगशाळेच्या संचालकांचा फोन आला. कारण सापडले आहे, खुलासा प्रसिद्ध करावा का, असे त्यांनी विचारले. मीनलने लग्नसराई संपेपर्यंत थांबायला सांगितले. संचालकांना सुटल्यासारखे झालेले फोनवरूनही कळत होते. सुशिक्षितांत अशी एकवाक्यता फक्त गप्प राहण्याच्या प्रश्नावर होते.

अखेर खुलासा केला तो कॉलेजातल्या एका मुलाने, गंमत म्हणून. स्वतःच्या दंडावर टिकली, तिच्यावर हळद, लाल ठिपका आणि खाली एक वात्रट ओळ, असा व्हिडिओ त्याने टाकला आणि तालुक्याच्या हाती एक यंत्र आले. मुलगी पाहायला जाणारे लोक बरोबर हळद नेऊ लागले. पोहे खाऊन झाले की मुलाकडची एखादी काकी मुलीला आत घेऊन जाई, प्रेमाने दंडाला हळद लावी, वाळेपर्यंत गप्पा मारी आणि बाहेर येऊन मान हलवी. केंद्रात रक्ताची तपासणी पहिल्या दिवसापासून फुकट होती. तिथे एकाही वरपित्याने आपला मुलगा आणला नव्हता. विषाणू शोधणारी चाचणी ज्या समाजाला कधी हवी वाटली नव्हती, त्या समाजाने विषाणूपासून जीव वाचवू पाहणाऱ्या मुली शोधण्याची चाचणी एका हंगामात आत्मसात केली. नवरदेवांचे दंडही अधूनमधून लाल होत. त्यांच्याबद्दल म्हणत, हल्लीची मुलं काळजी घेणारी आहेत हो.

मुली केंद्रात येत, पण टिकली काढून मागायला. ती काढता येत नसे. एकीने दंडावर तापलेले उलथने टेकवले. मीनलने तिची जखम धुतली, मलम लावले आणि तिच्या आईला सांगितले की स्वयंपाक करताना भाजले आहे. आईने मान डोलावली. मुलीने मात्र मीनलकडे असे पाहिले की त्या दिवशी मीनल केंद्र लवकर बंद करून घरी गेली.

शर्वरीचा फोन एकदाच आला. व्हिडिओ विक्रांतने पाहिला होता, विचारले होते, आणि तिने खरे ते सांगितले होते. तो चिडला नव्हता. त्याने एकच विचारले होते. त्याचे ते वाक्य शर्वरीने जसेच्या तसे ऐकवले.

“तो म्हणतो, वाईट काही नव्हतं तर तुझी आत्या खोटं का बोलली? आत्या, माझ्याकडे याचं उत्तर नाही. तुझ्याकडे असेल तर येऊन सांग त्याला.”

मीनलने येते म्हणून सांगितले. त्या आठवड्यात परीक्षा होत्या. त्यापुढच्या आठवड्यात सल्लागार मंडळाची बैठक निघाली. नंतर कारणे शोधावी लागली नाहीत, न जाण्याची सवय झाली. विक्रांत बंदरांवर जाई, येई, रक्त तपासायचे नाव काढू देत नसे. शर्वरीच्या टिकलीचे वर्ष भरत आले आणि मग उलटून गेले. नवी लावावी तर ताजा लाल ठिपका म्हणजे ताजा पुरावा. न लावावी तर अंगावर काहीच राखण नाही. भाची कशाच्या भरवशावर नवऱ्याशेजारी झोपते आहे, हे मीनलला नेमके ठाऊक होते. सबंध तालुक्यात हे तिच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नव्हते. या ज्ञानाचा तिने उपयोग एवढाच केला की वहिनी भेटली की ती शर्वरीची चौकशी करी, आणि बरी आहे असे उत्तर आले की निःश्वास टाकी.

दरम्यान प्रयोगशाळेने टिकली सुधारली. जाळ्याच्या गाठी आता दुसऱ्याच मूलद्रव्याच्या होत्या. संचालक फोनवर खुशीत होते. आता हळद लावा नाहीतर माणूस हळदीत बुडवून काढा, ते म्हणाले, दिसणार नाही. जुना साठा परत मागवला गेला. नव्या खोक्याबरोबर भिंतीवर लावायचे फलक आले, त्यांवर मीनलचेच ‘कुणालाही कळणार नाही’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापले होते. तिने शर्वरीला निरोप पाठवला की नवी आली आहे, गुपचूप येऊन जा.

शर्वरी आली ती भर दुपारी, पुढच्या दाराने, सासूबरोबर. बाहेरच्या बाकांवर नव्या टिकलीसाठी आपापल्या मुलींना घेऊन बायका बसल्या होत्या. मीनलने दोघींना आत घेतले, पडदा ओढला आणि सवयीने आवाज खाली आणला. ही नवी टिकली कोणत्याच हळदीत दिसत नाही, ती म्हणाली. घरात कुणालाही कळणार नाही.

“घरात म्हणजे कुणाला?” उज्ज्वलाताईंनी विचारले. “मीच घेऊन आले तिला. आणि विक्रांत बाहेर गाडीत बसलाय, त्याचं रक्त बघायचंय. मीच म्हटलं, बायकोला प्रश्न विचारायचे तर आधी आपला हात पुढं कर. कबूल झालाय, पण आत यायला लाजतो.”

मीनल घाईने हो म्हणाली, आपण गाडीपाशी जाऊन रक्त घेऊ म्हणाली. उज्ज्वलाताई स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“ताई, आमच्या घरात कुणी पान खात नाही. तंबाखू नाही. चुना आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा हे दुसरं काहीतरी आहे, हे मला मंडपातच कळलं. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही एवढंच म्हणाला असतात की हे औषध आहे, मी लावलंय, पोरीच्या भल्यासाठी लावलंय, तर मी तिथंच चार बायकांत सांगणार होते, माझी सून शहाणी आहे म्हणून. तुम्ही चुना म्हणालात. मग मीही चुना म्हटलं. शिकवणाऱ्या बाईलाच लाज वाटली, तर मी काय समजायचं?”

मीनलने आयुष्यभर गावाचे डोळे सांभाळले होते. त्या गावात, त्या सकाळी, तिच्या एका शब्दाची वाट पाहणारे हे दोन डोळे होते, आणि तेवढेच तिने पाहिले नव्हते. लोक काय म्हणतील याचा तिने इतका अभ्यास केला होता की लोकांना काही म्हणायचे आहे का, हे विचारायचे राहून गेले होते. तिने उत्तर शोधले. समाज, परिस्थिती, कामाची मर्यादा, असे पुष्कळ शब्द तिच्यापाशी होते. परिसंवादांत तिने ते वापरले होते. त्यांतला एकही या बाईसमोर तोंडातून निघेना.

ती उठली आणि तिने पडदा बाजूला केला. बाकांवरच्या बायकांनी वर पाहिले. शब्द सगळ्यांना ऐकू जातील इतके मोठे आले.

“शर्वरीच्या हळदीत चुना नव्हता,” ती म्हणाली. “मी तिला टिकली लावली होती. तुमच्याही मुलींच्या हळदीत चुना नव्हता. मी खोटं बोलले.”

ती थांबली. गहजब, शिव्या, रडारड, कशालाही ती तयार होती. बाकाच्या टोकाला बसलेल्या एका बाईने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

“ते माहीतच आहे की आता सगळ्यांना,” ती म्हणाली. “आमचा नंबर कधी लागणार, तेवढं सांगा.”

दुसरीने विचारले, नवी किती दिवस चालते आणि सुनेला एक, लेकीला एक, अशा दोन मिळतील का. तिच्या शेजारच्या मुलीने, पुण्यात शिकणाऱ्या भावालाही आणू का, म्हणून विचारले. एवढेच झाले. ज्या वाक्याला भिऊन मीनलने एक लग्न, एक हंगाम आणि कितीतरी दंड खर्ची घातले होते, ते वाक्य बोलून झाले होते आणि छत जागेवर होते. तिने सोसायचे म्हणून काहीच उरले नव्हते. जे सोसायचे ते मुलींनी आधीच सोसून ठेवले होते.

ती परत आत आली, तेव्हा शर्वरीने बोट पुढे करून ठेवले होते. आधी रक्त तपासायचे, मग टिकली, हा क्रम तिला माहीत होता. तिनेच तो कितीतरी जणींना समजावला होता. मीनलने सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि दोघी वाट पाहत बसल्या. पडदा उघडाच होता. पट्टीवर एकच रेघ उमटली. विषाणू नव्हता. मीनलच्या छातीवरचे ओझे उतरले आणि त्याच क्षणी तिला जाणवले की या सुटकेत तिचा वाटा काहीच नाही. केवळ दैवाने तिच्या निष्काळजीपणावर पांघरूण घातले होते.

तिने नव्या खोक्यातून टिकली काढली. बोलण्यासारखे पुष्कळ होते. “शर्वरी,” ती म्हणाली, “मी तेव्हा यायला हवं होतं गं. विक्रांतला मी आत्ता सांगते, गाडीपाशी जाऊन...”

शर्वरीने बाही खांद्यापर्यंत वर सारली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मीनलला बरे वाटले असते. केंद्रात पहिल्यांदा येणारी कोणतीही मुलगी पाहते तशी ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

“लावा, मॅडम,” ती म्हणाली. “बाहेर लोक थांबलेत.”